२४० बाय १३६ पिक्सेलांतली काजूची बाग: टिक-८० या आभासी कन्सोलवर पहिला खेळ पूर्ण करताना

संगणकावर स्वतःचा खेळ बनवावा अशी इच्छा असणारे पुष्कळ भेटतात, परंतु बनवून पूर्ण झालेला खेळ दाखवणारे फार थोडे. याचे कारण बहुधा कौशल्याचा अभाव हे नसते. आजची मोठी साधने उघडली की समोर त्रिमितीय जग, प्रकाशयोजना, शेकडो मेन्यू आणि अमर्याद शक्यता एकदम उभ्या राहतात, आणि काय करायचे नाही हे ठरवण्यातच नवख्याचा उत्साह संपतो. आभासी कन्सोल हा या अडचणीवरचा मला सापडलेला सर्वांत चांगला उपाय आहे, कारण तो आपल्यासाठी पुष्कळसे निर्णय आधीच घेऊन ठेवतो. गेल्या काही उन्हाळ्यांत गोव्यातील सत्तरी तालुक्यातील एका गावच्या वाचनालयात मुलांना हे शिकवताना जो क्रम हाती आला, तोच येथे मांडत आहे. बनवायचा खेळ एकच आहे: काजूच्या बागेत पडलेले बोंडू, म्हणजे काजूची फळे, वेचणे.

आभासी कन्सोल म्हणजे काय

ज्यांच्या लहानपणी घरात टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता, त्यांना त्याच्या वरच्या खाचेत खुपसायची ‘कॅसेट’ आठवत असेल. त्या यंत्रांची स्मृती इतकी तुटपुंजी असे की चित्रे ८ बाय ८ पिक्सेलांच्या तुकड्यांतून जोडावी लागत. १९७७ सालच्या अटारी २६०० मध्ये तर कामासाठीची स्मृती अवघी १२८ बाइट होती. आभासी कन्सोल हे अशाच एका यंत्राचे सॉफ्टवेअर रूप असते. मात्र ते यंत्र प्रत्यक्षात कधी अस्तित्वात नव्हते. त्याच्या मर्यादा निर्मात्याने मुद्दाम ठरवलेल्या असतात, आणि कोड लिहिणे, चित्र काढणे, नकाशा रचणे, ध्वनी करणे ही सगळी साधने त्याच एका खिडकीत मिळतात.

या प्रकाराला नाव आणि लोकप्रियता मिळाली ती जोसेफ व्हाइट यांच्या पिको-८ मुळे. त्याचा पडदा १२८ बाय १२८ पिक्सेलांचा, रंग १६ आणि एका कार्टची, म्हणजे एका खेळाच्या फाइलची, मर्यादा ३२ किलोबाइट. तो अतिशय देखणा आहे, पण त्याची पूर्ण आवृत्ती विकत घ्यावी लागते. वाझ्म-४ मध्ये १६० बाय १६० पिक्सेल आणि एका वेळी फक्त ४ रंग मिळतात. सी किंवा रस्ट या भाषा येणाऱ्यांना तो आवडतो. ज्यांना पायथन येते त्यांच्यासाठी पिक्सेल (रोमन लिपीत Pyxel) नावाचे साधन आहे. मी मात्र नवख्यांना टिक-८० सुचवतो. तो मोफत आहे, त्याचा स्रोत खुला आहे, तो विंडोज, मॅक, लिनक्स यांवर आणि थेट ब्राउझरमध्येही चालतो, आणि वाचनालयातल्या जुन्या, संथ संगणकांवरही त्याने आम्हाला कधी अडवले नाही. त्याचा पडदा २४० बाय १३६ पिक्सेलांचा असून १६ रंग आणि ध्वनीच्या ४ वाहिन्या मिळतात.

टिक-८० मध्ये अनेक भाषा वापरता येतात, पण सुरुवात लुआने करावी. ही भाषा १९९३ साली ब्राझीलमधील रिओ दि जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठात जन्मली, आणि पोर्तुगीज काळात शाळा शिकलेले आजी-आजोबा ज्यांच्या घरात आहेत त्यांना तिच्या नावाचा अर्थ घरीच कळेल: लुआ म्हणजे चंद्र.

सुरू करणे आणि जतन करणे

टिक-८० उघडला की काळ्या पडद्यावर लुकलुकणारा कर्सर दिसतो. हा त्याचा कन्सोल. तेथे ‘न्यू लुआ’ हे दोन शब्द रोमन लिपीत लिहून एंटर दाबावे, म्हणजे एक नमुना कार्ट तयार होते. मग ‘रन’ लिहावे. पडद्यावर एक लहानसा प्राणी येतो आणि बाणांच्या कळांनी हलतो. एस्केप दाबल्यावर आपण परत येतो, आणि एफ-१ ते एफ-५ या कळांवर अनुक्रमे कोड, चित्रे, नकाशा, ध्वनी आणि संगीत ही पाच दालने उघडतात. खेळ चालवून पाहण्यासाठी कोठूनही कंट्रोल आणि आर दाबले की पुरते.

पुढे जाण्यापूर्वी कन्सोलवर ‘सेव्ह’ आणि त्यापुढे खेळाचे नाव लिहून कार्ट जतन करावी, आणि नंतर दर थोड्या वेळाने कंट्रोल व एस दाबण्याची सवय लावावी. खेळ चालवल्याने तो जतन होत नाही. जूनच्या पहिल्या पावसात वीज गेली तेव्हा माझे दोन तासांचे काम असेच गेले; मी पंचवीस वेळा रन केले होते आणि एकदाही सेव्ह केले नव्हते. तेव्हापासून मी प्रत्येक टप्प्यावर नावापुढे एक आकडा वाढवून नवी प्रत ठेवतो, म्हणजे नवीन बदल फसला तरी कालचा चालता खेळ हाताशी राहतो.

नमुना कोडच्या सुरुवातीला शीर्षक, लेखक, वर्णन आणि भाषा सांगणाऱ्या, दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या ओळी असतात. त्या तशाच ठेवून, आपल्या नावाने भरून, बाकीचा कोड पुसावा.

नियम आधी, कोड नंतर

आमच्या पहिल्या आराखड्यात मुलगी टोपली घेऊन धावते आणि वरून पडणारे बोंडू हवेतच झेलते, असे होते. मी ते फळ्यावर काढत असताना मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, बोंडू कोणी झेलत नाही. ते पडले की वेचतात.” ती बरोबर होती. फेणी ही दारू गाळण्यासाठी पिकून आपोआप गळालेलेच बोंडू वेचतात. झाडावरून ओढून काढलेले चालत नाहीत. त्या एका वाक्याने खेळ बदलला. बोंडू वरून पडेल, जमिनीवर ३ सेकंद राहील, तेवढ्यात वेचला तर एक गुण मिळेल, नाहीतर तो वाया जाईल. असे ५ वाया गेले की खेळ संपेल. झेलण्याच्या खेळात फक्त चपळाई लागते, पण वेचण्याच्या खेळात दोन टोकांना दोन बोंडू पडले असता आधी कोणत्या दिशेला जायचे हा निर्णय करावा लागतो, आणि खेळाची गंमत त्या निर्णयात असते. म्हणून नियम अशा तीन-चार वाक्यांत कागदावर मावेपर्यंत कोडचे दालन उघडू नये.

चित्रे

एफ-२ दाबून चित्रांच्या दालनात गेल्यावर दोन भाग दिसतात: ० ते २५५ क्रमांकाचे तुकडे नकाशासाठी, आणि २५६ ते ५११ क्रमांकाचे हलत्या वस्तूंसाठी. प्रत्येक तुकडा ८ बाय ८ पिक्सेलांचा असतो. २५६ वर टोपली घेतलेली मुलगी, २५७ वर तीच मुलगी एक पाय पुढे टाकलेली, आणि २५८ वर बोंडू काढावा.

बोंडूचे चित्र मी येथे सविस्तर सांगतो, कारण ६४ चौकटींत एखादी वस्तू ओळखू येण्याची युक्ती त्यातून समजते. सर्वांत वरच्या ओळीत मधोमध एकच हिरवा पिक्सेल, हे देठ. त्याखाली ५ ओळींत फळ: पहिली ओळ ४ पिक्सेल रुंद, मधल्या तीन ६ आणि शेवटची पुन्हा ४, रंग क्रमांक २, म्हणजे लाल. डाव्या खांद्याजवळ एक पिक्सेल नारिंगी ठेवला की गोलाई येते. उरलेल्या दोन ओळींत करड्या रंगाची बी, आणि ती सरळ न ठेवता एका बाजूला वळलेली. इतके केल्यावर मुलांना काही सांगावे लागत नाही, पण बी काढून टाकली की तेच चित्र सफरचंद किंवा टोमॅटो वाटते. लहान चित्रात सारखेपणा नव्हे, तर त्या वस्तूची एखादी खूण लागते.

जमिनीसाठी जांभ्याचा रंग हवा, आणि टिक-८० च्या मूळ रंगपेटीत तपकिरी रंगच नाही. रंगपेटी बदलता येते, तरीही मी ती बदलू नये असे सांगतो. लाल आणि जांभळा हे २ व १ क्रमांकाचे रंग बुद्धिबळाच्या पटासारखे आलटून पालटून भरले आणि अधूनमधून नारिंगीचा एखादा ठिपका टाकला, तर थोड्या अंतरावरून पावसानंतरच्या ओल्या जांभ्याचा भास होतो. हे तुकडे ० ते २५५ मधल्या जागी काढून एफ-३ च्या नकाशात खालच्या दोन रांगांत पसरावेत. एका पडद्यावर तुकड्यांच्या ३० स्तंभ आणि १७ रांगा मावतात. झाडे त्यावर सवडीने वाढवता येतील.

पडदा आणि हालचाल

टिक-८० दर सेकंदाला ६० वेळा एकाच फंक्शनला (कोडच्या नाव दिलेल्या तुकड्याला) हाक मारतो. त्याचे नाव टी-आय-सी या तीन कॅपिटल अक्षरांचे असते आणि ते लहान अक्षरांत लिहिल्यास खेळ सुरूच होत नाही. या फंक्शनात दर वेळी तीन कामे याच क्रमाने करावीत: कोणती कळ दाबली आहे ते पाहणे, सर्व वस्तूंच्या जागा बदलणे, आणि पडदा नव्याने रंगवणे. रंगवण्याची सुरुवात सी-एल-एस या आज्ञेने करावी, जी पडदा एका रंगाने पुसते. ती विसरल्यास मुलीमागे तिच्याच चित्रांची शेपटी उमटत जाते. त्यानंतर मॅप या आज्ञेने नकाशा, आणि शेवटी एस-पी-आर या आज्ञेने हलती चित्रे. एस-पी-आरला चित्राचा क्रमांक, आडवी जागा, उभी जागा आणि पारदर्शक मानायचा रंग असे चार आकडे द्यावेत. चौथा आकडा गाळला तर चित्राभोवती काळा चौकोन दिसतो. नवख्यांची सर्वांत नेहमीची चूक हीच.

कळांसाठी बी-टी-एन ही आज्ञा आहे. तिला २ दिल्यास डावा बाण आणि ३ दिल्यास उजवा बाण दाबलेला आहे की नाही हे कळते. डावा दाबलेला असेल तर मुलीच्या आडव्या जागेतून १ वजा, उजवा असेल तर १ अधिक. ही जागा ० च्या खाली किंवा २३२ च्या वर जाऊ देऊ नये, कारण पडदा २४० चा असला तरी चित्र स्वतः ८ पिक्सेल रुंद आहे. मुलीची उभी जागा ११२ वर कायम ठेवावी, म्हणजे तिचे पाय बरोबर १२० व्या ओळीपासून सुरू होणाऱ्या जमिनीवर टेकतात.

व्हेरिएबलची, म्हणजे बदलते आकडे साठवणाऱ्या जागांची, नावे रोमन लिपीतच लिहावी लागतात, पण ती मराठी शब्दांची असायला हरकत नाही. ‘टोपली’, ‘गुण’, ‘वाया’ अशी नावे दिल्यावर मुलांना कोड वाचताना कोणता शब्द भाषेचा आणि कोणता आपला हे लगेच ओळखू येते.

बोंडू पडतो कसा

प्रथम एकच बोंडू करावा. त्याला आडवी जागा, उभी जागा, वेग आणि उरलेला वेळ अशा चार गोष्टी लागतात. तो २४ या उंचीवर सुरू होतो. दर फेरीत, म्हणजे टी-आय-सीला मारलेल्या प्रत्येक हाकेला, वेगात ०.०५ मिळवावे आणि मग तो वेग उभ्या जागेत मिळवावा. सरळ एकसारख्या वेगाने खाली आलेला बोंडू दोरीने सोडल्यासारखा दिसतो. वेग वाढत गेला की तो खरोखर गळाल्यासारखा वाटतो. उभी जागा ११२ किंवा त्याहून जास्त झाली की वेग शून्य करून त्याला ११२ वरच थांबवावे आणि उरलेल्या वेळात १८० भरावे. सेकंदाला ६० फेऱ्या असल्याने १८० म्हणजे ३ सेकंद. दर फेरीत त्यातून १ वजा करत जावे. शेवटच्या सेकंदात, म्हणजे ६० पेक्षा कमी उरल्यावर, त्या आकड्याला ८ ने भागून उरणारी बाकी ४ पेक्षा कमी असेल तेव्हाच चित्र काढावे. बोंडू लुकलुकू लागतो आणि खेळणाऱ्याला शब्दाविना इशारा मिळतो.

वेचला की नाही हे ठरवण्यासाठी मुलीच्या आणि बोंडूच्या आडव्या जागांतील अंतर, चिन्ह सोडून, ६ पेक्षा कमी आहे का ते पाहावे. दोन्ही चित्रे ८ पिक्सेल रुंद असल्याने ८ हा आकडा सुचतो, पण मग केवळ कोपरे भिडले तरी बोंडू नाहीसा होतो आणि खेळ आयता वाटतो.

आता आकड्यांकडे थोडे थांबून पाहू, कारण खेळ चांगला होतो तो येथे. २४ पासून ११२ पर्यंतच्या ८८ पिक्सेलांना या वेगवाढीने सुमारे ५९ फेऱ्या, म्हणजे जवळजवळ १ सेकंद लागतो. पुढे ३ सेकंद जमिनीवर. एकूण ४ सेकंद. मुलीला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे २३२ पिक्सेल १ च्या वेगाने चालायला सुमारे ३.९ सेकंद लागतात. म्हणजे सर्वांत दूरचा बोंडूही गाठता येतो, पण तो देठापासून सुटताना दिसताक्षणी निघाले तरच. वेग १.५ केला तर हाच प्रवास सुमारे २.६ सेकंदांत होतो आणि सगळा ताण नाहीसा होतो; वेळ १२० फेऱ्यांवर आणला तर दूरचा बोंडू गाठणे अशक्य होते आणि खेळणारा चिडतो. वेग १ आणि वेळ १८० या जोडीपासून सुरुवात करून एका वेळी एकच आकडा बदलावा आणि प्रत्येक बदलानंतर किमान पाच डाव खेळावेत. दोन आकडे एकदम बदलल्यास फरक कशामुळे पडला ते कळत नाही.

एक बोंडू नीट चालल्यावर त्यांची यादी करावी. लुआमध्ये यासाठी टेबल असते आणि त्याची मोजणी १ पासून होते. दर ९० फेऱ्यांनी ८ ते २२४ मधल्या यदृच्छ जागी नवा बोंडू यादीत घालावा, आणि प्रत्येक गुणागणिक हे अंतर १ ने कमी करत ३० वर थांबावे. वेचलेला किंवा वाया गेलेला बोंडू यादीतून काढताना यादी शेवटाकडून सुरुवातीकडे तपासावी. पुढून मागे जाताना एक काढला की त्यानंतरचा त्याच्या जागी सरकतो आणि तपासणीतून सुटतो. मग त्या फेरीत त्याचा वेळ कमी होत नाही, आणि खेळात क्वचित, कारण न कळणारे दोष दिसू लागतात. हा दोष शोधण्यात आमची एक अख्खी दुपार गेली.

देवनागरी

पडद्यावर अक्षरे उमटवणाऱ्या टिक-८० च्या प्रिंट या आज्ञेत देवनागरी नाही, म्हणून मराठी खेळात रोमन अक्षरे चालवून घेण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण उपाय कष्टाचा असला तरी अवघड नाही. अंकांना मात्रा किंवा शिरोरेघ नसल्यामुळे ० ते ९ हे दहाही अंक ८ बाय ८ मध्ये स्वच्छ बसतात. ते २७२ ते २८१ या क्रमांकांवर ओळीने काढावेत. मग गुणांना १० ने भागून उरणारी बाकी २७२ मध्ये मिळवली की एककाचे चित्र मिळते, आणि गुणांना १० ने भागून आलेल्या पूर्णांकावर हेच केले की दशकाचे.

शब्दांसाठी मात्र १६ पिक्सेलांची उंची लागते: वरच्या ४ ओळी मात्रा आणि अनुस्वारासाठी, पाचवी शिरोरेघ, पुढच्या ७ अक्षरांच्या अंगासाठी आणि खालच्या ४ उकारांसाठी. अक्षरांचा संच करण्यापेक्षा ‘बोंडू’ हे संपूर्ण नाव ३२ बाय १६ चे एकच चित्र म्हणून काढावे. त्यात ‘ब’ सर्वांत त्रास देतो. त्याचे पोट बाहेरून ५ बाय ५ धरले तर आत ३ बाय ३ ची पोकळी उरते, तिच्यातून ३ पिक्सेलांची तिरपी रेघ गेली की दोन्ही बाजूंना ३-३ पिक्सेल मोकळे राहतात आणि अक्षर वाचता येते. पोट याहून लहान केले तर पोकळी भरून जाऊन त्याचा नुसता गोळा होतो. हे चित्र २८८ पासून सुरू करून एस-पी-आरला रुंदी ४ तुकडे आणि उंची २ तुकडे असे सांगावे. दुप्पट मोठे दाखवायचे असल्यास ते ६४ पिक्सेल रुंद होते, म्हणून मध्यभागी येण्यासाठी आडवी जागा ८८ द्यावी.

ध्वनी, उच्चांक आणि तीन अवस्था

ध्वनी दोनच पुरेत: बोंडू जमिनीवर आपटल्याचा खालच्या स्वरातला छोटा ठोका, आणि वेचल्याचा वर चढणारा दोन स्वरांचा नाद. दोघांना वेगळ्या वाहिन्या द्याव्यात, नाहीतर एक वाजताना दुसरा तुटतो.

शीर्षक, खेळ आणि शेवट या तीन अवस्था एकाच व्हेरिएबलमध्ये ठेवून टी-आय-सीमध्ये तिच्यानुसार वेगळे फंक्शन चालवावे. नवा डाव सुरू होताना गुण, वाया गेलेले बोंडू, यादी आणि ९० चे अंतर हे सर्व एकाच जागी मूळ किमतींवर आणावे. यातले काही विसरले तर दुसरा डाव पहिल्याच्या वेगाने सुरू होतो. उच्चांकासाठी पी-मेम ही आज्ञा आकडा कायम साठवते. मात्र कोड बदलला की साठवलेला आकडा हरवतो. तो टिकावा म्हणून वरच्या माहितीच्या ओळींत ‘सेव्ह-आय-डी’ची एक ओळ घालून खेळाला स्वतःची ओळख द्यावी.

खेळ दुसऱ्यांच्या हाती देणे

कन्सोलवर ‘एक्स्पोर्ट एच-टी-एम-एल’ आणि त्यापुढे नाव लिहिले की एक झिप फाइल मिळते. इच-आयओसारख्या संकेतस्थळावर ती चढवताना खेळ ब्राउझरमध्ये चालवण्याचा पर्याय निवडावा, म्हणजे कोणालाही काही उतरवून न घेता खेळता येतो. त्याआधी खेळ चालू असताना एफ-७ दाबून मुखपृष्ठाचे चित्र घ्यावे आणि कार्ट पुन्हा जतन करावी.

मग खेळ न पाहिलेल्या एखाद्या व्यक्तीला समोर बसवावे आणि आपण मागे उभे राहून गप्प राहावे. हे गप्प राहणे कोडपेक्षा अवघड जाते, पण सूचना दिली की चाचणी संपली. कोणती कळ आधी दाबली जाते, पहिला बोंडू वाया गेल्यावर चेहऱ्यावर काय दिसते, दुसरा डाव स्वतःहून सुरू होतो का, एवढेच टिपून ठेवावे. आमच्या खेळाला पहिली बसली ती झाडाखाली वेचण्याची दुरुस्ती सुचवणाऱ्या मुलीची आजी. तिने बाणांकडे पाहिलेही नाही. बोंडू पडताना पाहत ती नुसती थांबून राहिली, कारण कळ दाबायची असते हे शीर्षकाच्या पडद्यावर आम्ही कोठेच दाखवले नव्हते. त्याच संध्याकाळी आम्ही दोन बाणांचे चित्र काढून ते शीर्षकाखाली लुकलुकत ठेवले, आणि पहिल्या बोंडूपुरता वेळ १८० वरून ३०० केला.